रडणाऱ्या बेणारेबाई आणि दाराची कडी

विषय अभिनयाच्या पहिल्या धड्यांचा आहे, पण मी एका नाटकाला धरून बोलणार आहे. नाटक तुमच्या ओळखीचं: तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. 1967 मध्ये 'रंगायन'नं ते केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, लीला बेणारे केली सुलभा देशपांडे यांनी. आज कुठल्याही नाट्यशिबिरात जा, निवड चाचणीला जा, एक तरी मुलगी बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत घेऊन उभी असते. आणि ती रडते. माझी तक्रार त्या मुलीबद्दल नाही. तिला ते रडणं ज्या रीतीनं शिकवलं जातं, त्या रीतीबद्दल आहे.

रीत साधारण अशी. सगळ्यांना जमिनीवर आडवं व्हायला सांगतात, दिवे मंद करतात, आणि सूचना येते: आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस आठवा. कुणी हुंदका दिला की प्रशिक्षक म्हणतात, "हं, हेच धरून ठेव, आता बोल संवाद." म्हणजे दोन दिवसांची ओळख असलेल्या वीस जणांपुढे अठरा-एकोणीस वर्षांचं पोर घरातलं मरण, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी, उघडं करतं. संध्याकाळी शिबिर सुटतं आणि ते पोर एकटंच बसनं घरी जातं. रात्री त्याचं काय होतं, हे शिबिराच्या वेळापत्रकात कुठंच नसतं.

आणि या सगळ्याला नाव स्तानिस्लावस्कीचं!

आता त्याचं पुस्तकच बघू. पहिला भाग इंग्रजीत 1936 साली आला, मराठीत के. नारायण काळ्यांनी 'अभिनय साधना' म्हणून आणला. त्यात भावनांच्या स्मृतीचं प्रकरण आहे, नाही असं नाही. पण ते नववं आहे. त्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्याच प्रकरणात, कृती येते. तिथला एक प्रसंग मला फार आवडतो. एका विद्यार्थिनीला पडद्यात टोचलेली मौल्यवान पिन शोधायला सांगतात. ती धावते, हात चोळते, छाती धरते, अगदी मनापासून व्याकूळ होते, आणि खूश होऊन खाली येते. मास्तर विचारतात, पिन कुठाय? पिन शोधायची राहूनच गेलेली असते! मग तिला सांगतात की पिन सापडली नाही तर तुला शाळा सोडावी लागेल. आता ती पडद्याची एकेक चुणी उलगडून बघते. हात चोळत नाही, छाती धरत नाही. आणि बघणाऱ्यांचा श्वास आत्ता अडकतो.

आपल्या शिबिरांत त्या मुलीची पहिली खेप शिकवतात आणि टाळ्याही तिलाच पडतात.

पुढं खुद्द स्तानिस्लावस्कीच आणखी सरकला. 1934 मध्ये स्टेला अॅडलर त्याला पॅरिसमध्ये भेटली आणि न्यूयॉर्कला परत येऊन तिनं आपल्या 'ग्रुप थिएटर'मधल्या मंडळींना सांगितलं की गुरूचा भर आता स्मृतीवर नाही, नाटकातल्या परिस्थितीवर आणि कृतीवर आहे. ली स्ट्रासबर्गला ते पटलं नाही. तो वाद अमेरिकेत आजही मिटलेला नाही. स्ट्रासबर्गच्या बाजूनं मोठे नट उभे राहिले, हे मान्य केलंच पाहिजे. पण ती वर्षानुवर्षं एका गुरूच्या देखरेखीखाली चालणारी साधना होती. तीन दिवसांच्या शिबिरात ती उरकता येत नाही.

तर मग बेणारेबाईंचं काय करायचं? स्वगत बाजूला ठेवा. पहिले पंधरा दिवस त्याला हातच लावू नका. नाटक सुरू कसं होतं? दाराच्या कडीत बोट चेंगरलंय आणि बाई ते चोखत आत येतायत. ती कडी विचित्र आहे, नीट सरकवली नाही तर माणूस आत अडकतो, हे सामंत तिथंच सांगून टाकतो. पुढं खेळ अंगावर आल्यावर बाई निघून जायला दाराशी जातात, तर दार बाहेरून बंद! हे जर मुलीच्या हातांनी खरोखर केलं, कडी सरकवली, दार ओढलं, पुन्हा ओढलं, आणि मग वळून त्या सात चेहऱ्यांकडे पाहिलं, तर तिला आपल्या आजीचं मरण आठवायची गरज काय? भीती त्या दारातच आहे.

दुसरं म्हणजे, हे नाटकच मुळी तालमीबद्दल आहे. मुंबईची हौशी मंडळी प्रयोगाआधी वेळ घालवायला, सामंताला कोर्ट कसं चालतं ते समजावं म्हणून, लुटूपुटूचा खटला मांडतात. म्हणजे सुखात्मे, काशीकर, कर्णिक यांची कामं करणाऱ्या मुलांना 'क्रूर' व्हायचं नाहीये, त्यांना मजा करायचीये. बेणारेबाईंनीही पहिल्यांदा हसून घ्यायला हवं. तालमीत हे होत नाही, कारण बेणारे करणारी मुलगी शेवटच्या रडण्याची शिदोरी जपत पहिल्या अंकापासूनच घसा दाटून बसलेली असते. समोरचा काय बोलतोय ते तिला ऐकूच येत नाही. नवशिक्याचा सगळ्यात मोठा रोग कोणता, तर हा: न ऐकणं. रडून तो बरा होत नाही, उलट वाढतो.

आणि ते स्वगत? बचावासाठी आरोपीला दहा सेकंद दिलेले असतात. त्या दहा सेकंदांत कोर्टाला एक शब्द ऐकू जात नाही. बाकीचे थिजलेले असतात. म्हणजे ती कुणाची दया मागत नाहीये. वर्गात शिकवण्याची तिची सवय, तिची थट्टा, तिचा राग, सगळं त्यात आहे, विनोदसुद्धा आहे. सलग रडून म्हटलं की हे सगळं वाहून जातं आणि उरतो एकच ओला सूर.

शेवटी एक काम देतो, ते पुढच्या वेळेपर्यंत करून या. सामंत घ्या, ज्याची भूमिका कुणी मागत नाही. सगळं संपल्यावर तो पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट पडून राहिलेल्या बेणारेबाईंसमोर ठेवतो आणि निघून जातो. संवाद नाही. पोपट म्हणून घरातली कुठलीही वस्तू चालेल, बाईंच्या जागी उशी ठेवा. ती वस्तू किती अंतरावरून ठेवायची, वाकून की बसून, ठेवल्यावर हात लगेच काढायचा की नाही, एवढंच ठरवायचं. दहा वेळा करून बघा, दहाही वेळा वेगळं. चेहऱ्यावर काही आणायचं नाही.

आता प्रश्न घेऊ.