एका लग्नाचे उपहासचित्र

घरे आशीर्वादित करण्यासाठी फिरत असताना एका घरी आल्ताराशेजारी टांगलेल्या तसबिरीने माझे लक्ष वेधून घेतले. चर्चमध्ये उभे असलेले वधूवर, हाती ग्रंथ घेतलेले झगाधारी धर्मगुरू, वराच्या हातात अंगठी. “नातवाने लंडनहून पाठवलीय, फादर. राजघराण्यातलं लग्न आहे, आणि आपल्याच पद्धतीचं!” आजी कौतुकाने म्हणाल्या. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि हसू आवरले. ते लग्न राजघराण्यातले खरेच होते. परंतु ती तसबीर आपल्या कौतुकासाठी नव्हे, आपली टर उडवण्यासाठी काढलेली होती.

जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचे हे छापचित्र २७ मार्च १७८६ रोजी प्रसिद्ध झाले. ‘पत्नी, तरीही पत्नी नव्हे’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक. वर आहे इंग्लंडचा युवराज, पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला. वधू मारिया फिट्झहर्बर्ट, दोनदा विधवा झालेली कॅथलिक स्त्री. कन्यादान करतो आहे युवराजाचा राजकीय मित्र चार्ल्स फॉक्स. येशूसंघीयाचा झगा घालून विधी चालवणारा इसम म्हणजे संसदपटू एडमंड बर्क. बर्क स्वतः प्रॉटेस्टंट. पण त्याची आई कॅथलिक होती आणि तो आमच्या लोकांची बाजू घेई, तेवढ्यावरून व्यंगचित्रकारांनी त्याला झगा चढवला! माजी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ गाडीवानाच्या वेषात डुलक्या घेत बसला आहे. भिंतीवरची चित्रे तर विशेषच बोलकी: आदामाला फळ देणारी एवा, बेथशेबाला न्याहाळणारा दावीद, प्रभूचे चुंबन घेणारा यहुदा.

असली छापचित्रे जमवणे हा युरोप-अमेरिकेत आज गंभीर छंद आहे. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून हे चित्र छापले जाई, मग एकेक प्रत हाताने रंगवली जाई. लंडनमधील काही दुकानदार तर चित्रांचे जुडगे एका संध्याकाळपुरते भाड्याने देत. आपल्याकडे एके काळी व्हिडिओ कॅसेट मिळत, तसेच म्हणा ना. जाणता संग्राहक प्रथम कागद पाहतो. पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसा आहे का, कडा कापून चित्र कधी काळी आल्बमात चिकटवले होते का, रंग त्या काळचा की मागाहून भरलेला? गिलरे १८१५ साली वारला. त्याचे पत्रे पुढे हेन्री बोन या प्रकाशकाने मिळवले आणि शतकाच्या मध्याला त्यांच्यावरून जाड कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रे छापली. पाठीमागे दुसरे चित्र दिसले की संग्राहकाचा चेहरा उतरतो. आजींच्या तसबिरीला मी भिंग लावले, तर रंगाचे बारीक ठिपके दिसले. अगदी आधुनिक छपाई! नातू फसला होता असे म्हणवत नाही, कारण चित्र तेच आहे.

आता या चित्राचा न्याय कसा करावा? रेषा विलक्षण जोरकस आहेत, हे मान्यच. पण एवेचे ते चित्र मला अन्यायाचे वाटते. १७८४ साली युवराजाने स्वतःला जखम करून घेऊन मारियाला लग्नासाठी अक्षरशः वेठीस धरले होते, आणि ती त्याला टाळण्यासाठी देश सोडून गेली होती. मोहात पाडणारी ती नव्हे. कॅथलिक पत्नी करणाऱ्या राजपुत्राचा गादीवरचा हक्क १७०१ च्या कायद्याने जात असे. १७७२ च्या कायद्याने राजाच्या संमतीवाचून झालेले असले लग्न रद्दबातल ठरे. कॅथलिकांना सवलती देणाऱ्या कायद्यावरून लंडनमध्ये आमची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, त्याला १७८६ साली जेमतेम सहा वर्षे झाली होती. अशा समाजातल्या स्त्रीला एवा म्हणून रंगवणे यात शौर्य ते कसले?

आणि तरीही चित्र फाडावे असे मला म्हणवत नाही. तपशिलात ते जवळजवळ सर्वस्वी खोटे आहे. लग्न फ्रान्समधल्या चर्चमध्ये लागलेच नाही. १५ डिसेंबर १७८५ रोजी मारियाच्या लंडनच्या घरी, एका अँग्लिकन धर्मगुरूच्या हातून लागले. बर्क नव्हता. फॉक्सही नव्हता, त्याला तर युवराजाने असे काही होणार नाही अशी लेखी ग्वाही दिली होती. त्या ग्वाहीवर विसंबून १७८७ साली फॉक्सने भर संसदेत सांगितले की असा विवाह झालेलाच नाही. संसदेच्या दप्तरात खोटे नोंदले गेले. दुकानाच्या काचेत लावलेले, आमच्या द्वेषाने बरबटलेले चित्र मात्र मुख्य गोष्ट खरी सांगत होते.

सेमिनरीत कॅनन लॉ शिकलेल्याला इथे आणखी एक गंमत दिसते. ट्रेंट धर्मपरिषदेचा विवाहविषयक हुकूम इंग्लंडमध्ये जाहीरच झालेला नव्हता. त्यामुळे कॅथलिक धर्मगुरूवाचून लागलेले हे लग्न ख्रिस्तसभेच्या दृष्टीने नियमबाह्य असले तरी वैध होते. १८०० साली रोमने मारियाच्या बाजूने कौल दिला. तोवर युवराजाने १७९५ साली दुसरे लग्नही उरकून घेतले होते. चित्राचे शीर्षक इंग्लंडच्या कायद्याला चपखल लागू पडते. रोमच्या कायद्याला नाही. गिलरेच्या हे ध्यानीमनीही नसावे.

पुढे १८२० साली जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराला, राजाला अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही या बोलीवर, राजाकडून शंभर पौंड मिळाले. आणि हाच राजा अशा चित्रांचा मोठा गिऱ्हाईकही होता! विंडसरच्या वाड्यातील सुमारे दहा हजार उपहासचित्रे १९२१ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने विकत घेतली. ज्याची थट्टा झाली त्याच्याच घरी ती जपली गेली. १८२९ साली कॅथलिकांना हक्क देणाऱ्या कायद्यावर नाराजीने का होईना, पण संमती दिली तीही याच राजाने. पुढच्या वर्षी तो वारला, तेव्हा मारियाचे लघुचित्र गळ्यात घालून त्याला पुरण्यात आले.

मारियाचा मृत्यू १८३७ चा. ब्रायटन येथील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिचे दफन झाले. तेथील स्मारकशिल्पात ती गुडघे टेकून आहे आणि तिच्या बोटात तीन अंगठ्या कोरलेल्या आहेत. तिसरी या लग्नाची.

एवढे सगळे मी आजींना थोडक्यात सांगितले. त्या बराच वेळ तसबिरीकडे पाहत राहिल्या. मग विचारले, “पण लग्न खरं होतं ना, फादर?” मी होय म्हणालो. त्यांनी नातीला हाक मारून खिळा मागवला आणि तसबीर आल्तारापासून काढून समोरच्या भिंतीवर, लग्नांच्या फोटोंच्या ओळीत लावली.