मोहानंतरचा तोल : इग्नाशियस लोयोला यांच्या साधनाग्रंथातील एका प्रतिमेचा विचार

मोहाच्या झपाट्यातून सुटलेल्या ख्रिस्ती साधकाचे चित्त पुन्हा स्थिरावते ते कसे, हा प्रश्न मराठी वाचकापुढे आला की 'समत्व' आणि 'स्थितप्रज्ञ' हे शब्द आपसूक ओठांवर येतात. शब्द थोर आहेत. परंतु इग्नाशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला ते लावले असता ग्रंथाचा अर्थ एका बाजूस झुकतो. या स्पॅनिश ग्रंथाचा लॅटिन अनुवाद 1548 मध्ये रोम येथे पोपच्या संमतीने छापला गेला. त्यात तराजूची प्रतिमा दोन ठिकाणी येते. साधना देणाऱ्या गुरूने तराजूप्रमाणे मध्ये राहावे, साधकाला कोणत्याही बाजूस ओढू नये, हे एक. आणि निवड करणाऱ्या साधकाने आपले मन काट्यासारखे मध्यावर ठेवावे, हे दुसरे. एवढेच वाचून थांबणाऱ्यास हे समत्वच वाटेल.

तथापि काटा मध्यावर येतो कसा, हे याच ग्रंथात अन्यत्र सांगितले आहे. एखाद्या पदाकडे वा लाभाकडे मन स्वार्थापोटी ओढले जात असेल तर साधकाने सर्व बळ एकवटून उलट दिशेस जावे आणि त्याच्या विरुद्ध गोष्टीची ईश्वराजवळ याचना करावी. प्रार्थनेचा तास नकोसा झाला तर तो पुरा करून वर थोडा अधिक वेळ बसावे. हे प्रतिवजन घालणे होय. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे, 'तोल सावरणे'. सावरणे ही क्रिया आहे, समत्व ही अवस्था. दोहोंतील अंतर केवळ व्याकरणाचे नव्हे.

मूळ स्पॅनिश ग्रंथात मोहाने घेरलेल्या मनःस्थितीला जे नाव आहे त्याचा धात्वर्थ ओस पडणे असा आहे. 'विषण्णता' या रूढ प्रतिशब्दापेक्षा 'ओसाडी' हा साधा शब्द त्याला अधिक जवळचा. या ओसाडीची कारणे तीन दिली आहेत : साधकाचा आळस, ईश्वराने घेतलेली पारख, आणि सांत्वन ही आपली मिळकत नसून देणगी आहे हे कळावे अशी योजना. दोष हे तिहींपैकी एकच कारण होय. प्रत्येक ओसाडी म्हणजे आपले पाप, असे मानणाऱ्या साधकाचे काय होते याचा दाखला स्वतः लेखकाच्याच चरित्रात सापडतो.

1522 मध्ये मान्रेसा येथे त्यांना शंकांनी ग्रासले. जुन्या पापांची कबुली पुन्हा पुन्हा देऊनही समाधान होईना. खोलीतील विवरात उडी घ्यावी असा मोह होई. त्यांनी अन्नत्याग केला. आठवड्याने कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या आज्ञेवरून तो सोडला. दोन दिवस मन निवांत राहिले, तिसऱ्या दिवशी शंका परतल्या. तेव्हा हा विचार आपल्यात कोणत्या मार्गाने शिरला हे त्यांनी तपासले आणि गतकाळातील पापे पुन्हा कबूल करावयाची नाहीत असा निश्चय केला.

येथे अभ्यासकास अडखळावे लागते. ओसाडीच्या काळात पूर्वीचा निर्णय बदलू नये, हा त्यांचाच प्रसिद्ध नियम आहे. आणि हा निश्चय तर त्याच काळातला. विसंगती दिसते खरी. परंतु लगतचाच नियम असा की, निर्णय बदलू नये, पण ओसाडीविरुद्ध स्वतःस मात्र नेटाने बदलावे. मान्रेसात मोडली ती शंकांनी लावलेली सवय. ईश्वरसेवेचा मूळ संकल्प अबाधित राहिला. दोन्ही नियम एकत्र वाचले तरच दोहोंचा अर्थ लागतो, आणि पहिलाच तेवढा उद्धृत करण्याची प्रथा त्यामुळे घातक ठरते.

ग्रंथाला उणिवाही आहेत. मोह घालणाऱ्या शत्रूला स्त्रीची दिलेली उपमा आज वाचवत नाही; वेढा घालणाऱ्या सेनानीची उपमा त्याहून कितीतरी नेमकी आहे, कारण पांप्लोनाच्या वेढ्यात 1521 मध्ये लेखक स्वतः जखमी झाला होता.

भाषेच्या अंगाने एक विशेष नोंदण्याजोगा आहे. ओसाडीत बदल न करण्याच्या नियमाला मूळ स्पॅनिशमध्ये कर्ता नाही. क्रियापद केवळ भावरूपात येते. 1553 ते 1555 या काळात त्यांनी सांगितलेल्या आत्मवृत्तातही 'मी' नाही, 'यात्रेकरू' आहे. विवराच्या कडेवरील तो माणूस तेथे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहिला जातो.