'स्मृतिचित्रे' आणि प्रेमाचा त्रिकोणी सिद्धांत : एक चिकित्सा

प्रस्तावना : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रेमाचा त्रिकोणी सिद्धांत मांडला. जवळीक, उत्कटता आणि निर्णय-बांधिलकी या तीन घटकांच्या कमी-अधिक मिश्रणातून प्रेमाचे निरनिराळे प्रकार संभवतात, असे त्याचे सूत्र आहे. मराठी साहित्यातील दांपत्यजीवनाच्या अभ्यासास हा सिद्धांत कितपत उपयुक्त ठरतो, हे लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'च्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : केवळ बांधिलकी असलेल्या नात्यास स्टर्नबर्ग 'रिक्त प्रेम' म्हणतात. ठरवून केलेल्या विवाहात ही पहिली पायरी असू शकते, असेही ते नोंदवितात. परंतु १८८० मध्ये बालवयात विवाह झालेल्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला बांधिलकी आली. निर्णय मात्र वडीलधाऱ्यांचा होता. ज्या निर्णयात व्यक्तीचा सहभागच नाही, तो तिच्या प्रेमाचा घटक कसा मानावा, याचे समाधानकारक उत्तर सिद्धांतात मिळत नाही.

१८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो पत्नीच्या संमतीवाचून. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी सोवळेओवळे पाळीत राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. विवाहानंतर सुमारे २० वर्षांनी निर्णय आणि बांधिलकी येथे प्रथमच एकत्र येतात. हे दोन्ही एकाच वेळी उपस्थित असतीलच असे नाही, हे स्टर्नबर्ग यांचे प्रतिपादन या ठिकाणी अर्थपूर्ण ठरते.

तथापि, या त्रिकोणात सत्तेला स्थान नाही. निर्णय एकाने घेतला. त्याची किंमत दुसरीने मोजली. टिळकांचा संताप, हाती येईल ते देऊन टाकण्याची वृत्ती, न सांगता घर सोडून जाणे यांविषयी लक्ष्मीबाई विनोदाने लिहितात. हे लेखन टिळकांच्या १९१९ मधील निधनानंतरचे आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. या विनोदात जिव्हाळा आहे, तशीच तक्रारही आहे. केवळ जिव्हाळा वाचणारी समीक्षा लेखिकेवर अन्याय करते.

समारोप : सारांश, त्रिकोणी सिद्धांत नात्यातील बदलाचे टप्पे दाखवितो, ते बदल कोणी घडविले आणि कोणास सोसावे लागले, हे सांगत नाही. म्हणून दांपत्यजीवनाच्या अभ्यासात या सिद्धांताचा वापर करताना 'निर्णय कोणाचा?' हा प्रश्न प्रथम विचारला जाणे आवश्यक आहे.