ध्वनिसंपादन आणि पाठचिकित्सा

ग्रंथाचे संपादन आणि ध्वनिमुद्रणाचे संपादन या दोहोंचे कार्य तत्त्वतः एकच आहे. उपलब्ध साधनांतून एक पाठ सिद्ध करणे, हे ते कार्य होय. तथापि दोहोंच्या शिस्तीत मोठी तफावत आढळते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली व १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती संपादकाचा प्रत्येक निर्णय पाठभेदांसह वाचकापुढे ठेवते. याउलट, जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून सिद्ध केलेली सीडी बहुधा आपले संपादन लपवूनच श्रोत्याच्या हाती येते.

हे संपादन किरकोळ नसते. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असते. मास्टरिंगच्या संगणकप्रणालीत अशी प्रत्येक बाजू एक स्वतंत्र ध्वनिखंड म्हणून कालरेषेवर मांडली जाते. खंडांचा क्रम, त्यांमधील अंतर, सांधा आणि छाट या चारही गोष्टी संपादक ठरवितो. एका बाजूवर विलंबित आणि दुसरीवर द्रुत अशी एकाच रागाची मुद्रिका घ्यावी. दोन खंडांमध्ये दोन सेकंदांची रूढ शांतता ठेवल्यास त्या दोन स्वतंत्र चिजा वाटतात. खंड एकमेकांवर सरकवून क्रॉसफेड केल्यास जी कधी झालीच नाही अशी एक अखंड मैफल निर्माण होते. मूळ श्रोत्यास मात्र मुद्रिका उलटण्यासाठी जागेवरून उठावे लागत होते.

छाटणीचेही तसेच आहे. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या गौहर जान गायनाच्या अखेरीस इंग्रजीत आपले नाव उच्चारतात. संगीताशी संबंध नाही म्हणून ही घोषणा कापणे सोपे आहे. परंतु त्या काळच्या मुद्रणपद्धतीचा एक पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो. मुद्रिका कोणत्या वेगाने वाजविली, हा प्रश्न याहूनही गंभीर आहे. त्या काळच्या सर्व मुद्रिका नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या, आणि वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की स्वर अर्ध्या स्वराने चढतो वा उतरतो. अशा सीडीवरून एखाद्या गायकाची पट्टी किंवा लय मोजणारा अभ्यासक वस्तुतः संपादकाचा निर्णयच मोजत असतो, आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

संपादनाच्या खुणा दिसू लागल्या तर रसभंग होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. तळटीपांमुळे महाभारताच्या वाचनात व्यत्यय येत नाही. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बाखच्या एका फ्यूगच्या मुद्रणाची हकीकत सांगितली आहे. आरंभ व शेवट सहाव्या प्रयत्नातून आणि मधला भाग आठव्यातून घेऊन त्यांनी ती रचना जुळविली होती. या कबुलीमुळे त्या मुद्रणाची गोडी उणावली नाही. उलट त्यावर सप्रमाण चर्चा करणे शक्य झाले.

विशेष म्हणजे अशा टिपणासाठी वेगळे श्रम फारसे पडत नाहीत. आजच्या प्रणालींत कापाकापी मूळ ध्वनिसंचिकेवर होत नाही. मूळ मुद्रण अबाधित राहते आणि खंड कोठे सुरू झाला, कोठे संपला, कोठे सांधला याची सेकंदाच्या अंशापर्यंतची नोंद प्रकल्पाच्या संचिकेत आपोआप साठते. म्हणजे पाठभेदांची सूची तयारच असते. ती प्रसिद्ध तेवढी होत नाही. मूळ मुद्रिकांचे क्रमांक, वादनाचा वेग, सांधे आणि छाटलेले भाग एवढी माहिती सीडीच्या पुस्तिकेतील अर्ध्या पानात मावेल.

ही अपेक्षा पूर्ण होत नाही तोवर सीडीला संगीताच्या इतिहासाचे साधन म्हणून स्वीकारताना अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. संपादकाच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या पाठाची घडण अज्ञात आहे तो पाठ आस्वादास पुरेसा असला, तरी प्रमाण म्हणून पुरेसा ठरत नाही.