सूर्यास्ताची मर्यादा : लोखंड्यांच्या १८८४ च्या मागण्यांचे एक पुनर्वाचन

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्या वेळच्या फॅक्टरी कमिशनपुढे गेले. या निवेदनाचा उल्लेख कामगार चळवळीच्या प्रत्येक इतिहासात येतो. तथापि तो येतो तो बहुधा आरंभबिंदू म्हणून. चळवळीची पहिली पायरी म्हणून त्यास वंदन करावयाचे आणि पुढच्या संपांकडे वळावयाचे, असा प्रघात पडला आहे. लोखंड्यांची संस्था खऱ्या अर्थाने कामगार संघटना होती की केवळ एक हितवर्धक मंडळ, या प्रश्नावर जितकी शाई खर्च झाली आहे, तितकी प्रत्यक्ष मागण्यांच्या वाचनावर झालेली नाही. वस्तुतः त्या मागण्या एक संहिता म्हणून वाचल्या असता त्यांत श्रम, विश्रांती आणि इजा यांच्या परस्परसंबंधाची अशी एक जाण आढळते, की जिला शास्त्रीय पुरावा मिळावयास पुढे तीन-चार दशके जावी लागली.

मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुटी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. चौथी मागणी अर्थव्यवहाराची असल्यामुळे ती येथे बाजूस ठेवण्यास हरकत नाही. उरलेल्या चार मागण्यांचे दोन गट करण्याची पद्धत आहे. पहिल्या तीन कामाच्या तासांच्या आणि पाचवी नुकसानभरपाईची, असे ते गट होत. ही विभागणी कायद्याच्या पुस्तकांतून आलेली आहे. कारण तास हा एका कायद्याचा विषय झाला आणि भरपाई हा दुसऱ्याचा. निवेदनात मात्र ती एकाच श्वासात मागितलेली आहेत.

सर्वांत विचार करण्याजोगी मागणी तिसरी होय. तिची रचना विलक्षण आहे. कामाचा आरंभ घड्याळाने ठरवावा आणि शेवट सूर्याने, असे ती म्हणते. ही विसंगती असावधपणाची नव्हे. त्या काळी गिरण्या सामान्यतः उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. मुंबईच्या तत्कालीन स्थानिक वेळेप्रमाणे पाहिले तर जून महिन्यात सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि जानेवारीत साडेसहाच्या किंचित पुढे. म्हणजे आरंभ साडेसहास ठरविल्याने हिवाळ्यात कामगाराच्या पदरात फारसे काही पडत नव्हते. उन्हाळ्यात मात्र पहाटेचा तासाहून अधिक वेळ त्यास परत मिळत होता. उकाड्याच्या दिवसांत एका खोलीत दाटीने निजणाऱ्या माणसास झोप लागते ती बहुधा उत्तररात्रीच; आणि नेमका तोच झोपेचा तुकडा सूर्योदयाच्या नियमाने कापला जात होता. निवेदनात झोप हा शब्द नाही. तरी साडेसहाचा आग्रह हा पहाटेच्या झोपेचा आग्रह आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

शेवट सूर्यास्तावर सोडण्याचे कारणही व्यावहारिक होते. मावळता दिवस ही अशी मर्यादा होती, की जी मालकास पुढे ढकलता येत नव्हती आणि जी ओळखण्यास कामगारास घड्याळाची गरज नव्हती. स्थानिक वेळेने सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस पाच वाजून वीस मिनिटांच्या सुमारास होतो व जुलैच्या आरंभी सहा-चाळीसच्या. त्या हिशेबाने दुपारची सुटी धरून कामाचा दिवस हिवाळ्यात अकरा तासांच्या आत व ऐन उन्हाळ्यात बारा तासांच्या थोडा वर राहिला असता. आजच्या दृष्टीने ही मागणी फारच माफक वाटते. पण तिचा दोष माफकपणात नाही. तिचा दोष असा, की तिने मर्यादेचे रक्षण निसर्गाकडे सोपविले.

ही मर्यादा वीस वर्षांत कोसळली. या शतकबदलाच्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या आसपास मुंबईच्या कित्येक गिरण्या तेरा-चौदा तास चालू लागल्या. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि ती पाळणाऱ्या घड्याळांचे काटे मुंबईत एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले. गिरणीकामगारांनी या बदलास विरोध केला, त्याकडे पुष्कळदा अडाणीपणाचा किंवा निव्वळ राजकीय भावनेचा नमुना म्हणून पाहिले गेले. भोंगा नव्या वेळेने वाजावयाचा असेल तर एकोणचाळीस मिनिटे कोणाच्या झोपेतून जाणार, हा साधा प्रश्न विचारला म्हणजे त्या विरोधाचा अर्थ निराळा दिसू लागतो.

१९०७-०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे या दीर्घ दिवसाचा प्रश्न आला, तेव्हा गिरणीमालकांच्या बाजूने मांडलेला मुख्य युक्तिवाद समीक्षकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. हिंदी कामगार तेरा तास गिरणीत असतो हे खरे, पण तो तेरा तास काम करीत नाही. तो विडीसाठी, पाण्यासाठी, जेवणासाठी यंत्र सोडून वारंवार बाहेर जातो, रेंगाळतो. हा त्याचा स्वभावच होय. सबब तास कमी केले तर केवळ उत्पादन घटेल, असा तो युक्तिवाद. कमिशनच्या बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन घालण्यास प्रतिकूल मत दिले. डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून बारा तासांची मर्यादा सुचविली. आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या बाबतीत अखेर तीच मर्यादा स्वीकारली.

रेंगाळण्याच्या या युक्तिवादात कार्यकारणाची उलटापालट आहे. जो परिणाम होता तो कारण म्हणून सांगितला गेला आणि जे शरीराचे लक्षण होते ते वंशाच्या स्वभावाचे ठरविले गेले. यंत्र सोडून दहा मिनिटे बाहेर जाणारा कामगार, जी विश्रांती त्यास उघडपणे नाकारली गेली होती, ती चोरून घेत होता. लोखंड्यांच्या दुसऱ्या मागणीतील अर्धा तास हा या चोरट्या विश्रांतीस वैध रूप देण्याचाच प्रयत्न होता. परंतु १९०८ च्या अहवालातील चर्चा वाचताना चोवीस वर्षांपूर्वीच्या निवेदनाची ही संगती कोणी लावल्याचे दिसत नाही.

ती संगती लावण्यास लागणारा पुरावा पुढच्या दशकात मिळाला, आणि तो मुंबईत नव्हे तर इंग्लंडातील दारूगोळ्याच्या कारखान्यांत. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढविण्यासाठी तेथे रविवारची सुटी बंद करून आठवड्याचे तास सत्तरीच्या पुढे नेण्यात आले. १९१५ मध्ये नेमलेल्या समितीसाठी एच. एम. व्हर्नन यांनी केलेल्या निरीक्षणांतून असे निघाले, की आठवड्याचे तास बरेच कमी केल्यावरही एकूण उत्पादन घटले नाही. काही कामांत ते वाढलेच. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण अपघातांचे होते. बारा तासांचा दिवस दहा तासांवर आणल्यावर स्त्रीकामगारांचे अपघात फार मोठ्या प्रमाणात उतरले. येथे रेंगाळणारा हिंदी कामगार नव्हता. शत्रूशी लढणाऱ्या राष्ट्राचे उत्साही कामगार होते. तरी शरीर तसेच वागले. याच आकड्यांचे पुनर्विश्लेषण जॉन पेन्कावेल यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. साधारणतः आठवड्यास एकोणपन्नास तासांच्या पुढे प्रत्येक जादा तासाचे फळ घटत जाते आणि आठवड्याची सुटी नसेल तर उत्पादनास निराळी झळ पोचते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पहिल्या मागणीतील रविवार लोखंड्यांनी खंडोबाचा वार म्हणून मागितला असे सांगतात. समर्थन देवाचे असले तरी गरज देहाची होती. तो रविवार १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केला, हे सर्वश्रुत आहे.

मात्र रविवारवर फार विसंबता येत नाही, हेही आता स्पष्ट झाले आहे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग चौदा रात्री सहाच तास झोपू दिले. अखेरीस त्यांचे अवधान संपूर्ण जागरण केलेल्या माणसाइतके खालावले होते. पण आपण इतके खालावलो आहोत याची जाणीव त्यांना स्वतःला जवळजवळ नव्हती. या दुसऱ्या निष्कर्षाचे महत्त्व पहिल्याहून अधिक आहे. कामगारांनाच तास कमी नको आहेत, असे कमिशनांपुढे वारंवार सांगितले गेले होते. थकलेल्या माणसाची स्वतःच्या थकव्याविषयीची साक्ष किती धरावी, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात आला नाही, यात नवल नाही.

निवेदनाच्या मर्यादाही येथेच नमूद केल्या पाहिजेत. त्यात रात्रपाळी नाही, कारण ती अद्याप आली नव्हती. पुढे दोन व तीन पाळ्यांची पद्धत रुळली तेव्हा गिरणगावात तीच खोली, पुष्कळदा तेच अंथरूण, पाळीपाळीने वापरले जाऊ लागले. १९२१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची सुमारे दोन-तृतीयांश वस्ती एकखोली घरांत राहत होती. रात्रपाळीहून आलेला माणूस अशा खोलीत स्वयंपाकाचा धूर, मुलांची रडारड आणि नळावरची भांडणे यांच्यामध्ये दिवसा निजावयाचा. शरीराचे अंतर्गत घड्याळ दिवसाच्या झोपेस मुळातच अनुकूल नसते. ही झोप रात्रीच्या झोपेहून आखूड आणि तुटक होते. त्यात ही भर. स्त्रीकामगाराची झोप तर निवेदनाच्या हिशेबात कोठेच बसत नाही. साडेसहास गिरणीच्या दाराशी पोचणारी स्त्री त्यापूर्वी पाणी भरून, चूल पेटवून, भाकऱ्या थापून आलेली असते. तिचा दिवस सूर्यास्तास संपत नाही. गिरणीच्या दारापासून दारापर्यंत मोजणाऱ्या प्रत्येक कायद्याने हीच चूक पुढे चालविली.

या कायद्यांचा आलेख थोडक्यात असा : १९२२ मध्ये दिवसास अकरा व आठवड्यास साठ तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांस दहा व चोपन्न, १९४८ मध्ये नऊ व अठ्ठेचाळीस. पाचवी मागणी १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात अंशतः उतरली. पण लोखंड्यांनी पूर्ण पगार मागितला असता तात्पुरत्या असमर्थतेत त्या कायद्याने फार तर अर्ध्या पगाराइतकी रक्कम दिली. तास एका कायद्यात आणि इजा दुसऱ्यात गेल्यामुळे, अपघाताच्या चौकशीत जखमी माणूस कितव्या तासाला काम करीत होता, हा प्रश्न भरपाईच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरला.

अलीकडचे संशोधन हे दोन विषय पुन्हा जोडते. आठ तासांच्या पाळीच्या तुलनेत बारा तासांच्या पाळीत अपघाताचा धोका एक-चतुर्थांशाहून अधिक वाढतो आणि सकाळच्या पाळीपेक्षा रात्रपाळीत तो सुमारे तीस टक्क्यांनी अधिक असतो, असे फोकार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचे अनुमान आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अंदाजाप्रमाणे, आठवड्यास पंचावन्न किंवा अधिक तासांच्या कामाशी निगडित अशा पक्षाघाताने व हृद्रोगाने २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसे मृत्यू पावली. या आकड्यांबरोबर एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. जागरणाचे दुष्परिणाम सांगताना मध्यरात्रीच्या दुर्घटनांची यादी देण्याची हौस लेखकांस असते, आणि तीत १९८४ च्या भोपाळचे नाव हमखास येते. तेथे शीतकरणयंत्रणा बंद होती, सुरक्षेची इतर साधने निकामी किंवा अपुरी होती आणि माणसे कमी केलेली होती. अशा ठिकाणी पाळीवरच्या माणसाच्या पेंगण्याकडे बोट दाखविणे म्हणजे १९०८ चा रेंगाळण्याचा युक्तिवाद नव्या परिभाषेत परत आणणे होय. झोपेचे शास्त्र कामगाराच्या रक्षणास जसे वापरता येते, तसेच त्याच्यावर दोष लादण्यासही.

या दृष्टीने सप्टेंबर २०२५ मधील महाराष्ट्र मंत्रिमंडळाचा निर्णय जुन्या निवेदनाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास या निर्णयाने मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, म्हणून यात काही बिघडत नाही, असे समर्थन केले गेले. पण जो जादा तास मोजला जातो तो आठवड्याच्या बेरजेत, आणि बोट सापडते ते दिवसाच्या अकराव्या-बाराव्या तासाला. व्हर्नन यांच्या स्त्रीकामगारांचे अपघात दिवसाचे दोन तास कमी केल्यावर उतरले होते. दुसरे समर्थन असे, की जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल. ही संमती देणारा माणूस दोन आठवडे सहा-सहा तास झोपून आलेला असेल, तर आपल्या अवधानाविषयी तो काय लिहून देतो आहे, हे त्याचे त्यालाही ठाऊक असणार नाही.