राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ : रहस्य कळल्यानंतरचा चित्रपट

मागच्या वेळी आपण हिचकॉकवर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण मित्रानं विचारलं, “सर, आपल्या मराठीत असं कोणी झालंच नाही का?” आज त्याचं उत्तर देतो. माझं उत्तर आहे राजा परांजपे, आणि चित्रपट १९६४ चा ‘पाठलाग’.

काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. १९१० साली मिरजेत जन्मलेले राजाभाऊ म्हणजे ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’. म्हणजे हसवणारा माणूस. कबूल. पण ‘लाखाची गोष्ट’ आठवा. १९५२ चा चित्रपट. दोन फाटक्या खिशाच्या मित्रांनी ठरलेल्या मुदतीत लाख रुपये उडवून दाखवायचे. आपण हसतो, पण एक डोळा मुदतीवर असतो. जमेल का, नाही का? उत्कंठा आणि विनोद ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींचा जीव एकाच गोष्टीत असतो: कोणाला काय, केव्हा कळू द्यायचं. हे गणित राजाभाऊंना ‘पाठलाग’च्या बारा वर्षं आधीच येत होतं.

आता ‘पाठलाग’. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. काशिनाथ घाणेकर नायक, भावना नायिका. वकील नवरा आहे, बायको वारलेली आहे. आणि एक दिवस पोलिसांनी पकडलेली, हुबेहूब बायकोसारखी दिसणारी एक बाई म्हणते, मीच तुमची बायको. प्रकरण न्यायालयात उभं राहतं.

हिचकॉकचा टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला तुम्हाला माहीत आहे. बॉम्ब अचानक फुटला तर क्षणभराचा धक्का. पण तो आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. या मापानं ‘पाठलाग’ नापास होतो. राजाभाऊ शेवटपर्यंत काहीच सांगत नाहीत. हा धक्क्याचा चित्रपट झाला, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं असतं.

पण मी तो पहिल्यांदा पाहिला मढीच्या जत्रेत, तंबूत, आजीबरोबर. आम्ही पोरं ‘कोण ती? कोण ती?’ करत श्वास रोखून बसलेलो. घरी येताना आजी एवढंच म्हणाली, “बाईनं सगळं खरं सांगितलं रं, तरी त्याला पटंना.” दुसऱ्या रात्री मी पुन्हा गेलो. चित्रपट बदललेला होता! आता मला उत्तर माहीत होतं. बॉम्ब टेबलाखाली दिसत होता. ती बोलते ते प्रत्येक वाक्य खरं आहे आणि नवरा ते झिडकारतोय. काल मी तिच्याकडे संशयानं बघत होतो, आज त्याच्याकडे बघायला लागलो. आरोपी बदलला होता.

इथे माझा विषय येतो, थोडं सहन करा. आपल्या दर्शनांत ओळखीचं एक जुनं उदाहरण आहे: ‘तोच हा देवदत्त’. काल पाहिलेला आणि आज समोर उभा असलेला एकच, हे कशावरून? इंग्रज तत्त्वज्ञ लॉक सांगेल, स्मृतीवरून. ती बाई स्मृतीच पुढे करते, फक्त बायकोलाच ठाऊक असतील अशा गोष्टी. नवरा प्रत्यक्षाला धरून बसतो: मी तिला मेलेली पाहिलीय. शब्द विरुद्ध प्रत्यक्ष. आपण सहसा प्रत्यक्षाला वरचढ मानतो. इथे डोळे फसलेत आणि शब्द खरा आहे.

कालिदासाची शकुंतलाही अशीच दरबारात उभी होती. तिला अंगठीनं सोडवलं. १९६४ ची बाईसुद्धा स्वतःच्या शब्दावर सुटत नाही, हे मला आजही बोचतं.

आणि इथेच माझी तक्रार आहे. हिचकॉक ‘व्हर्टिगो’मध्ये, १९५८ साली, शेवटाच्या बऱ्याच आधी प्रेक्षकाला गुपित सांगून टाकतो, मग नायकाचं वेड आपल्याला उघडं दिसतं. राजाभाऊ जुळ्या बहिणीचा उलगडा अखेरीस करतात आणि त्या उलगड्याआड नवरा सुटतो. ‘तू माझ्यावर विश्वास का ठेवला नाहीस?’ हा प्रश्न त्याला पुरेसा भिडतच नाही. सुखान्तानं चित्रपट गोड झाला, पण थोडा भित्राही झाला.

तरी त्याचा पल्ला बघा. १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम’, १९६६ मध्ये राज खोसलांचा ‘मेरा साया’. साधना, सुनील दत्त, मदनमोहनचं संगीत. अख्ख्या देशानं ती गोष्ट पाहिली आणि मूळ मराठी आहे हे बहुतेक विसरली. आपल्याकडेही १९७६ मध्ये वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये घाणेकर पुन्हा रहस्याच्या वाटेवर दिसले.

हिचकॉक १९८० साली गेला, राजाभाऊ त्याच्या एक वर्ष आधी. एकावर जगभर ग्रंथ निघाले, दुसऱ्याला आपण ‘विनोदी चित्रपटवाले’ म्हणून मोकळे झालो.

तेव्हा एक काम देतो. ‘पाठलाग’ पाहा. शेवट मी आज फोडलाच आहे, रागावू नका, मुद्दाम फोडला. आता तुम्ही एकदम दुसऱ्या रात्रीपासून सुरुवात कराल. बाईकडे नका बघू, नवऱ्याकडे बघा. आपल्या घरात कोणाचं खरं बोलणं आपण असंच पुरावे मागत ऐकतो, हे आठवलं तर पुढच्या वेळी त्यावर बोलू.