संगणकाची देवनागरी आणि मराठीची अक्षरे

माहिती तंत्रज्ञानाच्या सामाजिक परिणामांविषयी मराठीत झालेली चर्चा बहुधा दोन टोकांमध्ये फिरत राहिली. ज्ञानाची दारे सर्वांना खुली होतील ही आशा एका टोकाला, तर इंग्रजीच्या लोंढ्यात देशी भाषा वाहून जातील ही भीती दुसऱ्या टोकाला. दोन्ही पक्षांनी संगणकाकडे बाहेरून आलेली एक अटळ शक्ती म्हणून पाहिले. मराठी अक्षर या यंत्रात कोणत्या रूपाने साठवले जाते, ते रूप कोणी व कोठे ठरवले, हा प्रश्न मात्र तांत्रिक म्हणून बाजूला पडला. वस्तुतः भाषेच्या सामाजिक भवितव्याशी त्याचाच निकटचा संबंध आहे. त्या निर्णयांचा बराचसा भाग दिल्लीत घडला, ही बाबही अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

लिपी आणि यंत्र यांचा झगडा संगणकाच्या आधीपासूनचा आहे. खिळ्यांची जुळणी आणि टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळा यांना देवनागरीची जोडाक्षरे व वरखाली बसणाऱ्या मात्रा अवजड वाटत. म्हणून लिपीनेच आपले रूप बदलावे, असा विचार बळावला. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अि', 'अु' ही स्वरचिन्हे, १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेली लिपिसुधारणा परिषद, या साऱ्यांमागे यंत्राची सोय हे एक प्रमुख कारण होते. १९६६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय हिंदी निदेशालयाने 'परिवर्धित देवनागरी' प्रसिद्ध केली. तिचा हेतू काहीसा निराळा होता. इतर भारतीय भाषांतील विशेष ध्वनीही देवनागरीत लिहिता यावेत, अशी ती योजना होती. लिपी आखडती घ्यावी की विस्तारावी, हा वाद अशा रीतीने संगणक येण्यापूर्वीच उभा होता.

संगणकाने या वादाला नवे वळण दिले. ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीत तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले. त्या वेळी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेला देवनागरी संगणक तेथे दाखवण्यात आला. त्या संस्थेतील कामाशी आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांची नावे जोडलेली आहेत. याच प्रयत्नातून 'जिस्ट' हे तंत्र आकाराला आले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्याचा विकास झाला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८३ मध्ये भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेतप्रणाली मांडली. १९८८ मध्ये ती सुधारण्यात आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानक म्हणून मान्यता दिली. 'इस्की' या नावाने ती ओळखली जाते. 'इनस्क्रिप्ट' हा कळफलकही याच प्रक्रियेतला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि हीच मांडणी सर्व भारतीय लिप्यांना लागू.

या प्रणालीचे मोल तिच्यामागील तत्त्वात आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचे बाह्य रूप भिन्न असले तरी वर्णमाला मूलतः एक आहे, हे तिने गृहीत धरले. यंत्रात साठवायचा तो वर्ण. त्याचा आकार पडद्यावर वा कागदावर उमटताना घडवायचा. 'क्ष' हे स्वतंत्र चित्र म्हणून साठवायचे नाही. क, हलन्ताचे चिन्ह आणि ष या क्रमाने ते नोंदवायचे. लिपीने यंत्राच्या मापाचे व्हावे, या जुन्या अपेक्षेला हे उत्तर होते. येथे यंत्रालाच लिपीची रीत शिकवली गेली.

व्यवहारात मात्र हे तत्त्व लवकरच मागे पडले. १९९०च्या दशकात छपाईची जुळणी संगणकावर होऊ लागली तेव्हा निकड होती ती देखण्या अक्षराची. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसवून शिवाजी, कृतिदेव यांसारखे फाँट वापरात आले. मजकूर दिसायला मराठी, साठवणीत रोमन चिन्हांची निरर्थक रांग. ज्या फाँटमध्ये तो जुळवला तो हाताशी नसेल तर तोच मजकूर वाचताही येत नाही. एका प्रणालीतला लेख दुसरीत नेता येईना, त्यात शब्द शोधता येईना. याच काळात दिल्लीला लागून असलेल्या नोएडा व गुडगाव येथे माहिती उद्योगाची नगरे वाढत होती, पण त्यांचा कारभार इंग्रजीत चाले. भारतीय लिप्यांचे मानक ज्या शहरात मंजूर झाले, त्याच्या वेशीवरच्या बाजारपेठेला त्या मानकाची गरज भासत नव्हती. मानक असणे आणि ते समाजात रुजणे, यांतील अंतर यावरून लक्षात येते.

हे अंतर पुढे युनिकोडने बऱ्याच अंशी भरून काढले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली होती. दिल्लीत आखलेला आराखडा अशा रीतीने जगाच्या संगणकात गेला. सर्वसाधारण वापरातील यंत्रावर तो आला विंडोज २००० बरोबर. आणि त्यासाठी 'मंगल' हा फाँट घडवणारे र. कृ. जोशी मराठीतले कवी व सुलेखनकार होते. मराठी साहित्याचा या इतिहासाशी संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांनी एवढी गोष्ट तरी विसरू नये.

तथापि समान संकेत म्हणजे पूर्ण संकेत नव्हे. दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत: समुद्र या अर्थी 'दर्या' आणि दरीचे अनेकवचन 'दऱ्या'. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर पडते. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन मार्गांनी लिहिता येतो. मूळ द्राविडी भाषांतील ध्वनीसाठी ठेवलेला ऱ वापरणे हा एक मार्ग, साध्या र पुढे हलन्त व एक अदृश्य चिन्ह योजणे हा दुसरा. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच, यंत्राच्या लेखी मात्र ती वेगळी. 'ॲ'ची कथाही अशीच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी. तोवर अ वर अर्धचंद्र चढवून काम भागवले जाई आणि काही यंत्रांत तो अर्धचंद्र सुटून एका ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. वर्णक्रमाचे तर आणखीच निराळे. मराठी मूल वर्णमालेचा शेवट ह, ळ, क्ष, ज्ञ असा शिकते. संकेतांकांच्या क्रमाने जाणारे यंत्र ळ ला ल च्या मागोमाग बसवते आणि क्ष ला क मध्ये लोटते. भाषानिहाय क्रमाचे नियम यंत्राला स्वतंत्रपणे सांगता येतात. पण ते आवर्जून सांगावे लागतात.

यातील प्रत्येक बाब किरकोळ वाटेल. ग्रंथालयाच्या सूचीपुढे उभे राहिले की तिचे वजन कळते. 'ॲरिस्टॉटल' हा शब्द एका नोंदीत नव्या रीतीने आणि दुसऱ्या नोंदीत जुन्या रीतीने साठवलेला असेल, आणि दोन्ही एकच आहेत हे यंत्राला कोणी शिकवले नसेल, तर वाचकाला एकच पुस्तक सापडते. दुसरे कपाटात असूनही त्याच्या लेखी नसते. पूर्वी जे काम ग्रंथपालाचा डोळा करीत असे ते संकेतांकांकडे गेले आहे, आणि संकेतांक जेवढे सांगितले तेवढेच जाणतो.

याचा दोष हिंदीच्या माथी मारणे सोपे, पण अन्यायाचे होईल. समान संकेताचा लाभ मराठीला विनासायास झाला. एकट्या मराठीसाठी असा खटाटोप इतक्या लवकर झाला असता की नाही, याची शंकाच आहे. शिवाय देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. अ, झ, ण यांची मुंबईच्या छपाईत रूढ झालेली वळणेच पुढे मानक देवनागरीत स्थिर झाली. उणीव राहिली ती वेगळ्या जागी. मराठी समीक्षेने प्रमाणभाषा, बोली, शुद्धलेखन यांवर उदंड वाद घातले. यंत्रातल्या अक्षरावर घातले नाहीत. 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्थान देणारी वर्णमाला महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने निश्चित केली, तोवर भारतीय मानकाला अठरा वर्षे होऊन गेली होती. जी भाषा आपली गरज वेळेवर मांडत नाही, तिची गरज अपवाद म्हणून मागाहून नोंदली जाते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या गौरवाचा आनंद रास्तच आहे. पण अभिजात वाङ्मय म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सापडणारे आणि वाचता येणारे वाङ्मय. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा अभ्यासकांनी हस्तलिखितांतील पाठभेद अक्षरशः एकेक करून ताडून पाहिले. फाँटमध्ये अडकलेला १९९०च्या दशकातील मजकूर, एकाच शब्दाची दोन संकेतरूपे, चुकलेला वर्णक्रम हे आजचे पाठभेदच होत. ते जुळवण्याचे काम तंत्रज्ञाच्या हातून होईल. कोणता पाठ मराठीचा, हे सांगण्याचे काम मात्र भाषेच्या अभ्यासकाचेच राहील.